गाडी गावात अ‍ॅव्हरेज देत नाही? आधी वही काढा, मग गॅरेजला जा

गेल्या पावसाळ्यात माझी गाडी, साधी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, सात वर्षं जुनी, एकदम लिटरला अकरावर आली. तीच गाडी आधी रोज म्हापसा-पणजी करून साडेचौदा-पंधरा द्यायची. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून थोडं कमी होणार हे धरूनच चाललो होतो, पण अकरा म्हणजे अतीच झालं. गॅरेजवाल्याने माझं पूर्ण ऐकूनही न घेता सांगितलं, इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारतात ते) क्लीनिंग करा, थ्रॉटल बॉडी साफ करा, प्लग बदला, साडेचार हजार होतील. केलं सगळं. पुढच्या टाकीला अ‍ॅव्हरेज आलं ११.३. म्हणजे साडेचार हजारात तीन दशांश. खरा चोर बसला होता पुढच्या डाव्या चाकात आणि तो सापडला नुसत्या तळहाताने, ते पुढे सांगतो. पण त्यावरून एवढं कळलं की आधी मोजायचं, मग दोष गाडीचा की रस्त्याचा की आपल्या पायाचा ते वेगळं करायचं, आणि खिशात हात सगळ्यात शेवटी घालायचा. उलट क्रमाने गेलं की गॅरेजवाल्याचं घर चालतं, आपलं नाही.

मोजणं म्हणजे टाकी ते टाकी. पंपावर नॉझल आपोआप कट झाला की तिथेच थांबवा, 'राऊंड फिगर करू काय' म्हणून पोरगा विचारतोच, त्याला नाही म्हणा (गळ्यापर्यंत भरलं तर पेट्रोलची वाफ धरणारा कोळशाचा डबा असतो तो भिजतो, आणि तो डबा स्वस्त नाही). ट्रिप मीटर शून्य करा, गाडी नेहमीसारखी चालवा, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनला, परत ऑटो-कटपर्यंत. किलोमीटर भागिले लिटर, बस्स. पण पाचशेचं पेट्रोल टाकून हिशोब करू नका. कट कधी थोडा आधी होतो कधी नंतर, अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो, आणि पाच लिटरच्या हिशोबात अर्धा लिटर म्हणजे दहा टक्क्यांची चूक, तोच तीस लिटरमध्ये दोनाच्या आत येतो. म्हणून टाकी अर्ध्याच्या बरीच खाली जाऊ द्या आणि निदान तीन टाक्यांचं वहीत लिहा. बाजूला चार शब्दही लिहा, एसी किती, पाऊस होता का, गाडी कोणी चालवली. माझ्या वहीत 'चवथ, पाहुणे, ९.८' अशी एक नोंद आहे, ती हिशोबात धरत नाही.

स्क्रीनवर जे अ‍ॅव्हरेज दिसतं ते बहुतेक गाड्यांत थोडं फुगवून दिसतं. माझी ११.३ देत होती तेव्हा स्क्रीन १२.२ दाखवत होती. पण स्क्रीन अगदीच टाकाऊ नाही, काल आणि आज यांची तुलना करायला ती चालते. आणि तुम्ही शोसाठी मोठे टायर घातले असतील तर किलोमीटरच कमी मोजले जातात आणि गाडी बिचारी उगाच बदनाम होते. फोनचं जीपीएस लावून वीस-पंचवीस किलोमीटर जा आणि ट्रिपशी ताडून बघा.

कंपनीच्या आकड्याशी भांडू नका. तो आकडा टेस्टिंगमध्ये निघतो, गाडी रोलरवर चढवून, एसी बंद, साधारण वीस मिनिटं, सगळ्यात जास्त स्पीड ९०. त्यात पर्वरी नाही, मेरशीचा सर्कल नाही आणि आडवी येणारी गाय पण नाही. गावात त्याच्या साठ-सत्तर टक्के मिळाले तर माझ्या मते गाडी ठीक आहे. खरी तुलना करायची ती आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी, म्हणून तर वही.

आता गाडी की रस्ता हे कसं कळणार? रविवारी पहाटे सहाला उठा, एवढं कष्ट घ्यायलाच लागतील. इंजिन गरम झालं की स्क्रीनचं अ‍ॅव्हरेज शून्य करून पणजीच्या अटल सेतूवरून बांबोळी, कुठ्ठाळी, झुआरीचा नवा पूल, वेर्णा आणि तसंच परत. टॉप गियरला साठ-सत्तर, एसी बंद, ओव्हरटेक नाही. बांबोळीला चढउतार आहे म्हणून जाऊन-येऊन दोन्ही मोजायचं, एकाच बाजूचं मोजलं तर फसाल. अशा ड्राइव्हला गाडी आधीसारखंच अ‍ॅव्हरेज देत असेल आणि फक्त पणजीत मार खात असेल तर गाडीत काही नाही, सरळ पुढे पाय आणि ट्रॅफिकचं लिहिलंय तिथे जा. पण मोकळ्या रस्त्यावरही पडलेलं असेल तर दुखणं गाडीतच आहे. माझी तिथे पूर्वी एकोणीस द्यायची, त्या रविवारी चौदा. तेव्हाच समजलो की बिचाऱ्या पर्वरीला उगाच शिव्या घालत होतो, म्हणजे सगळ्याच उगाच नव्हत्या, पण बऱ्याच.

गाडीत दुखणं आहे म्हटल्यावर पहिलं चाकांकडे जा, इंजिनाकडे नाही. आपल्याकडची हवा खारी, वर चार महिने पाऊस, आणि घराबाहेर हँडब्रेक ओढून आठ-आठ दिवस उभी गाडी, यात ब्रेक धरून बसणं हा गोव्यातला अगदी कॉमन आजार आहे. बघायचं असं: पाच-सहा किलोमीटर चालवा, ब्रेक कमीत कमी वापरून, मग सपाट जागी हळूच थांबवा. खाली उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, आधी लांबून, मग हळू टेकवा, डिस्कला हात अजिबात लावू नका, भाजेल. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच, म्हणून पुढचं-मागचं बघायचं नाही, डावं-उजवं बघायचं. माझं पुढचं उजवं कोमट होतं, चहाच्या कपाला बाहेरून हात लावल्यासारखं. डाव्याला दोन सेकंद हात ठेववेना आणि करपल्यासारखा वास येत होता. बाटलीतलं पाणी बोटांनी शिंपडलं तर आतून चर्र आवाज, तव्यावर पोळ्याच्या आधी शिंपडतात ना तस्सा.

नंतर चाक खोललं तेव्हा दिसलं, ज्या दोन पिनांवर ब्रेकचा कॅलिपर पुढे-मागे सरकतो त्यातली एक गंजून अडकलेली, तिचा रबरी बूट फाटून आत पाणी गेलेलं. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासतच होता. म्हणजे मी तीन महिने अर्धा ब्रेक दाबून पणजीला जात होतो आणि इंजेक्टर धुवून घेत होतो! पिना साफ केल्या, गरमीत न वितळणारं सिलिकॉन ग्रीस लावलं, बूट नवे टाकले, आठशे-नऊशेत काम झालं. पुढची टाकी १३.४. मागे ड्रम असतील तर तिथे हँडब्रेकची केबल गंजून अडकते. त्यावर उपाय सोपा, पावसात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी पहिल्या गियरला ठेवा, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. आल्तिनोच्या उतारावर राहणाऱ्यांनी हे करू नये, कृपा करून.

ब्रेक ठीक असले तर हवा बघा. टायरवर जो आकडा कोरलेला असतो तो जास्तीत जास्त सोसण्याचा, आपल्याला पाहिजे तो ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो, बहुतेक छोट्या गाड्यांना ३० ते ३५ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) मध्ये. बघायची ती सकाळी, गाडी थंड असताना. उन्हातून दहा किलोमीटर येऊन बघितली तर तीन-चार पीएसआय जास्त दाखवते, आपण म्हणतो बरोबर आहे, आणि गाडी कमी हवेवरच चालत राहते. तीनशे-चारशेचं स्वतःचं गेज घ्या, पंपावरच्या मशीनवर माझा काडीचा विश्वास नाही. हवा कमी म्हणून अ‍ॅव्हरेज अर्धं होत नाही हे खरं, पाच-सात पीएसआय कमी असली तर दीड-दोन टक्के जातात, पण ते फुकटात परत मिळतात आणि टायरही वाचतो. नायट्रोजनचे पैसे मात्र देऊ नका, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे.

यापुढे इंजिन. इथे हजार-दीड हजारात ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा) घ्या, स्टिअरिंगखाली सॉकेट असतो त्यात लावायचा आणि फोनवर बघायचं. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांवर चालतो. सगळं बघत बसू नका, दोनच गोष्टी बघा. पहिली, कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान. गाडी गरम झाली की ते ८५ ते ९५ च्या आसपास स्थिर राहायला पाहिजे. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर सत्तरच्या खाली घसरत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) उघडा राहिलाय, इंजिन स्वतःला थंडच समजतं आणि पेट्रोल जास्त सोडतं. आपल्याकडचे काही जुने मेकॅनिक तर थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, गाडी तापते म्हणून नेली की म्हणणार, पात्रांव (म्हणजे साहेब), गोव्यात थंडी कुठे आहे, हा पाहिजे कशाला? गाडी तापत नाही मग, हे खरं, पण ती कधी नीट गरमच होत नाही. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हे नक्की तपासा. ज्या गाड्यांना काटा नाही, नुसता निळा दिवा आहे, तिथे तो दिवा आपल्या हवेत काही मिनिटांत विझायला पाहिजे.

दुसरी गोष्ट, लाँग टर्म फ्युएल ट्रिम. हा आकडा म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय ते. शून्याच्या वर-खाली पाच-सात टक्के चालतं. दहाच्या पलीकडे जाऊन तिथेच बसला असेल, अधिक किंवा उणे कुठल्याही बाजूला, तर कुठेतरी हवा गळतेय, नाहीतर इंजेक्टर किंवा सेन्सर बिघडलाय. ऑक्सिजन सेन्सर खराब झाला तर अ‍ॅव्हरेज जबरदस्त पडतं, म्हणून चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असताना 'चालतेय ना' म्हणत फिरू नका. आकडा शून्याजवळ असेल आणि कोणी इंजेक्टर क्लीनिंग सांगत असेल तर त्याला फोन दाखवा. हे मला साडेचार हजार देऊन झाल्यावर समजलं.

एअर फिल्टरबद्दल सगळे बोलतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते खरं होतं. आता फिल्टर चोंदला तर गाडीचा दम कमी होतो, पण कॉम्प्युटर हवेच्या हिशोबाने पेट्रोल पण कमी करतो, म्हणून अ‍ॅव्हरेजवर फार परिणाम दिसत नाही. डिचोली-साखळीच्या बाजूला धुळीत फिरत असाल तर बदला, बदलायलाच पाहिजे, पण त्यातून दोन किलोमीटर वाढतील अशी आशा ठेवू नका. ऑइल मात्र बुकात लिहिलंय त्याच ग्रेडचं. ५डब्ल्यू-३० ची गाडी आणि गॅरेजवाला स्वस्तात २०डब्ल्यू-५० ओततो, घट्ट ऑइलात इंजिन जड फिरतं. क्लच घसरतोय का ते फर्मागुढीच्या चढाला बघा, चौथ्या गियरला पाय दाबला आणि आरपीएम चढला पण स्पीड तिथेच, तर प्लेट गेली.

एवढं सगळं ठीक निघालं तर मग आपला पाय. साधा हिशोब सांगतो. टन-दीड टनातली हलकी बाजू धरा, माणसांसकट एक टन गाडी. ती ५० च्या स्पीडला नेली आणि ब्रेक मारून थांबवली की त्या एका खेपेत साधारण १२ मिलीलिटर पेट्रोल ब्रेकच्या उष्णतेत गेलं. पोराला खोकल्याचं औषध देतो ना झाकणभर, तेवढं. असे ऐंशी ब्रेक झाले की लिटर संपलं. म्हणून पुढे लाल दिसतोय, पुढची गाडी थांबलेली दिसतेय, तरी तिथपर्यंत दाबत जाऊन कचकन थांबणारे बघितले की मला त्या गाडीतून झाकण-झाकण पेट्रोल बाहेर टाकल्यासारखं दिसतं. लांबूनच पाय काढा, गाडी गियरमध्ये असू द्या. गियरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात, खर्च शून्य. पर्वरीच्या उतारावर मांडवी पुलाकडे येताना न्यूट्रल करणारे पुष्कळ आहेत, पेट्रोल वाचतं म्हणून. उलटं आहे ते. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच आणि वर इंजिनाची पकड जाऊन सगळा भार ब्रेकवर येतो.

पुढच्या गाडीमागे दोन-तीन गाड्यांची जागा सोडली तर रांगेत थांबावंच लागत नाही, हळू हळू पहिल्या-दुसऱ्याला सरकत राहता येतं. त्या जागेत स्कूटरवाला घुसणार, काळ्या प्लेटची रेंट-अ-कार तर नक्की घुसणार. घुसू दे. गियर दोन हजार आरपीएमच्या आसपास वर टाकायचा, पण इंजिन गुरगुरायला लागेल एवढ्या लवकर नको. पाचव्याला पस्तीसने जाऊन बचत होत नाही. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर सोडा, हँडब्रेक त्यासाठीच आहे.

उभ्या गाडीत एसी चालू ठेवून माझ्यासारखं छोटं इंजिनही तासाला एक लिटरच्या आसपास खातं. रोज वीस मिनिटं जाममध्ये गेली तर पाव लिटरच्या वर गेलं, आणि किलोमीटर शून्य. म्हणून मिनिटभराच्या वर थांबायचं नक्की असेल तर बंद करा, सिग्नलला आकडे उलटे मोजत असतात ते बघून. एसी गोव्यात बंद ठेवा असं मी सांगणार नाही, मे महिन्यात ते पाप आहे. पण उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या फुल्ल एसी लावू नका. चारही काचा खाली करून दोन मिनिटं चालवा, आतली गरम हवा गेली की मग लावा, आणि आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. गावातल्या स्पीडला काचा उघड्या चालतात, सत्तरच्या वर काचा उघड्या ठेवण्यापेक्षा एसी बरा.

आणि थंड इंजिनावरच्या छोट्या खेपा! सकाळी दूध, मग मासळी मार्केट, मग पोराची ट्यूशन, प्रत्येक वेळी दीड किलोमीटर, प्रत्येक वेळी इंजिन थंड. अशा गाडीचं अ‍ॅव्हरेज आठ-नऊ आलं तर गाडीचा काय दोष? एकाच फेरीत उरकता आलं तर उरका. पणजीत मी आता पाटोला गाडी लावून चालत जातो, अठरा जून रोडवर पार्किंगसाठी तीन फेऱ्या मारण्यापेक्षा पाय दुखलेले परवडले.

हे सगळं करून माझी आता १४.२ वर आहे. राहिलेलं गेलं ते थोडं पर्वरीत आणि थोडं पेट्रोलमध्ये. आता मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलच्या लिटरात ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. हिशोब केला तर निव्वळ पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्के, आणि आधीच्या १० टक्केवाल्याच्या मानाने तीन-साडेतीन टक्के ताकद कमी पडते. यावर आपल्या हातात काही नाही. २०१२ ला पर्रीकरांनी व्हॅट जवळजवळ काढूनच टाकून लिटरमागे ११ रुपये उतरवले होते आणि बांदा-सावंतवाडीहून लोक टाकी भरायला यायचे, ते दिवस आठवायचे, बस्स.

माझ्या मेव्हण्याला यातलं काही पटत नाही. त्याचं ठाम मत, पंपवाला चोर. म्हटलं चल, बघून घेऊ. प्रत्येक पंपावर वजनमापवाल्यांच्या शिक्क्याचं ५ लिटरचं माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात ओतून दाखवावं लागतं, २५ मिलीपर्यंत कमी-जास्त चालतं. त्याने मागितलं, पोरगा जरा कुरकुरला, मग मॅनेजर आला, ओतलं. दहा मिली कमी. मेव्हणा म्हणे बघ, कमी आहे! मी त्याची डिकी उघडली. भजनाची पेटी, तबल्याची जोडी, दोन सतरंज्या आणि गेल्या महिन्यातलं नारळांचं अर्धं पोतं. खिशातून गेज काढून मागच्या डाव्या टायरला लावलं, बावीस.